पाचोडचं पोटॅशियम

रक्त कधी खोटं बोलत नाही.

आमच्या लॅबच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला एका मान्यवरांनी हे वाक्य उच्चारलं तेव्हा टाळ्या पडल्या. आमच्या मालकांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते पितळी अक्षरांत करवून स्वागतकक्षाच्या भिंतीवर लावलं. त्या भिंतीमागच्या खोलीत बसून मी नोकरीची शेवटची अकरा वर्षं काढली. रक्त खोटं बोलत नसेलही. पण ते आमच्याकडे पाचोडहून जीपनं यायचं. सकाळी काढलेलं रक्त संध्याकाळी संभाजीनगरला पोचेपर्यंत त्याचं मत बदलायला भरपूर वेळ असतो.

मी बायोकेमिस्ट्री विभाग सांभाळायची. म्हणजे रक्तातली साखर, चरबी, क्षार मोजणारी यंत्रं नीट चालवायची आणि यंत्रानं दिलेल्या आकड्यांखाली सही करायची. डॉक्टर माणसाला बघतो, आम्ही नळीला बघतो. नळीवर नाव असतं, वय असतं, चेहरा नसतो. त्यामुळे जेवण नीट जातं. माझंही बरीच वर्षं गेलं.

मग वजन कमी करायचं ऑपरेशन झालेले लोक यायला लागले. आधी ही मुंबई-पुण्याची हौस होती, पुढं आपल्याकडेही सुरू झाली. या ऑपरेशनमध्ये जठर लहान करतात आणि एका प्रकारात आतड्याचा वरचा भाग वगळून अन्नाला वळसा घालायला लावतात. लोह, कॅल्शियम वगैरे मुख्यतः त्या वगळलेल्या भागातच शोषलं जातं. म्हणून अशा माणसाला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात आणि दर काही महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. ऑपरेशनच्या जाहिरातीत आधीचा आणि नंतरचा फोटो असतो. गोळ्यांचा नसतो.

या लोकांचे रिपोर्ट वाचायला अवघड. यंत्र मर्यादेबाहेरचा आकडा लाल रंगात छापतं आणि यांच्या कागदावर पळस फुललेला असतो. कॅल्शियम लाल, लोह लाल, हिमोग्लोबिन लाल. त्यातलं खरं किती, गोळ्या न खाल्ल्यामुळं किती आणि आमच्या हातून झालेलं किती, हे निवडत बसावं लागायचं.

पडेगावचे एक कंत्राटदार होते. ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. सोबत सात-आठ माणसं घेऊन रक्त द्यायला आले. रक्त काढणाऱ्या आमच्या मुलीनं दंडाला पट्टा बांधला आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, "मूठ आवळा, काका." काकांनी माणसांकडे बघत मूठ अशी आवळली, सोडली, परत आवळली, की जणू निवडणुकीचं चिन्हच तेच होतं. "बघा, शीर कशी टरारलीय! अजून ताकद गेली नाय आपली." पोटॅशियम आलं ६.३; असायला हवं साडेतीन ते पाच. एवढं पोटॅशियम खरं असेल तर हृदय बंद पडू शकतं. डॉक्टरांनी त्यांना उलट पावली ॲम्ब्युलन्समधून आणवलं. ती सात-आठ माणसंही परत आली, या वेळी रडवेली. मी स्वतः रक्त काढलं, हात सैल ठेवायला लावून. ४.४.

"म्हंजे सगळं मुठीमुळं?" कंत्राटदार म्हणाले.

"मुठीमुळं. स्नायू आवळला की पोटॅशियम बाहेर पडतं."

"मग मूठ आवळा असं तुमचीच पोरगी म्हणली की!"

म्हणाली होती. त्या दिवसापासून मी वाईट आकड्यावर संशय घ्यायला शिकले आणि आपण आता शहाणे झालो असं समजू लागले. चांगल्या आकड्यावरही संशय घ्यायचा असतो, हे मला मंगलनं शिकवलं. तिला तसं शिकवायचं नव्हतं. ती त्या वेळी मोसंबीच्या बागेत बसली होती आणि तिला उठता येत नव्हतं.

मंगल पाचोडजवळच्या एका गावची. वय चाळिशीच्या आत. नवऱ्याची, दत्तरावांची, मोसंबीची बाग. गुडघे आणि साखर दोन्ही हाताबाहेर गेल्यावर शहरातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. त्याआधीच्या तपासण्यांना ती आमच्याकडे आली, तोवर तेवढीच आमची भेट. सुई टोचताना म्हणाली, "म्याडम, माझ्या रक्तात काय निघायचंय? भाकरी निघंल." दत्तराव बाजूला उभे होते. "आन् भाकरीवर तूप," ते म्हणाले. दोघं हसले. ऑपरेशन ठीक झालं. पुढच्या तपासण्या तिनं गावाजवळ, आमच्या पाचोडच्या केंद्रात करायच्या असं ठरलं.

पाचोडचं केंद्र म्हणजे एक खोली, एक बाकडं आणि गफ्फारभाई. ते पंचवीस वर्षं एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टर गेल्यावर आमच्याकडे आले. ते रक्त काढायचे, नळ्या भरायचे आणि जीपनं आमच्याकडे पाठवायचे. त्यांच्याइतका नेमका माणूस मी या धंद्यात पाहिला नाही. नळीसोबत एक फॉर्म येतो, त्यावर पेशंटची तक्रार लिहायची असते. बाकीच्या केंद्रांतून तो कोरा यायचा. गफ्फारभाई मोत्यासारख्या अक्षरात ओळीच्या ओळी लिहून पाठवायचे.

त्या वर्षी दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. पाचोडच्या बाजाराच्या दिवशी मंगलचं रक्त आलं. संध्याकाळी यंत्रातून आकडे पडद्यावर आले. कॅल्शियम ७.४, लाल. मॅग्नेशियम १.०, लाल. हिमोग्लोबिन लाल. पोटॅशियम ४.१, काळं, म्हणजे उत्तम. ऑपरेशन झालेल्या बाईचा रिपोर्ट असाच असतो असं म्हणून मी सही केली. रिपोर्ट लगेच दत्तरावांच्या आणि डॉक्टरांच्या मोबाइलवर गेला.

फॉर्म मात्र कागदाचे. ते दुसऱ्या दिवशी सकाळी फायलीला लावण्यासाठी माझ्या टेबलावर यायचे. चहा पिता पिता मी गफ्फारभाईंचं मोत्याचं अक्षर वाचलं : "तीन आठवडे उलट्या. पायात गोळे. चालताना गुडघे मोडतात. छातीत धडधड."

चहा तसाच राहिला. तीन आठवडे उलट्या करणाऱ्या माणसाचं पोटॅशियम घसरायलाच हवं. शिवाय मॅग्नेशियम इतकं कमी असेल तर मूत्रपिंडाला पोटॅशियम धरून ठेवता येत नाही, ते लघवीवाटे वाहून जातं. या दोघांची जोडी अशी आहे की एक पडलं की दुसरं सहसा उभं राहत नाही. इथं तर सगळं घर आजारी आणि एकटं पोटॅशियम गुटगुटीत.

आधी नळी शोधून उजेडात धरली. रक्त काढताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं वाढतं, पण मग वरचा द्रव लालसर दिसतो. हा स्वच्छ, गवती चहासारखा. मग मी पाचोडचं रजिस्टर काढलं आणि पोटॅशियमच्या रकान्यावरून बोट फिरवत गेले. एक पान, दोन पानं, सहा पानं. गेल्या चार महिन्यांत पाचोडच्या एकाही माणसाचं पोटॅशियम कमी आलेलं नव्हतं. जुलाबवाल्यांचं नाही, लघवीच्या गोळ्या खाणाऱ्या म्हाताऱ्यांचं नाही. उलट बऱ्याच जणांचं जरा चढच. सगळ्या पानांवर माझी सही होती.

मी गफ्फारभाईंना फोन लावला.

"काल सँपल किती वाजता काढली?"

"सात बजे से, मॅडम. बाजार का दिन, लाइन लगी थी."

"आणि जीप?"

"जीप पाच वाजता. बाजार उठल्याबिगर तो ड्रायव्हर हलत नाय, सवारी भरायची असती ना त्याला."

"दिवसभर नळ्या कुठं होत्या?"

"कुठं म्हणजे? बर्फात!" त्यांना प्रश्नच आवडला नाही. "तुम्हीच तर सांगितलं होतं. दर दोन घंट्यानं बर्फ बदलतो मी. बिलकुल गारेगार."

"फिरवून ठेवता ना पण?"

तिकडे बर्फाच्या पेटीचं झाकण वाजलं.

"मशीन तो चार महिन्यांपासून रिपेअरला हाय, मॅडम. ऑफिसला चिठ्ठी दिली होती मी. म्हटलं, मशीन नाय तर नाय, बर्फात कमी पडायला नको."

इथं थोडं सांगावं लागेल. शरीरातलं बहुतेक सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं, बाहेरच्या द्रवात अगदी थोडं. आम्ही मोजतो ते बाहेरचं. आतलं आत राहावं म्हणून प्रत्येक पेशीला एक पंप असतो आणि तो उबेत चालतो. नळी बर्फात ठेवली की पंप बंद पडतो, पेशी न फुटताही पोटॅशियम पाझरत राहतं आणि द्रवाचा रंग बदलत नाही. म्हणून रक्त आधी यंत्रात गरगर फिरवायचं, पेशी खाली बसवायच्या, वरचा द्रव वेगळा करायचा आणि मग तो थंड ठेवायचा. सगळ्या केंद्रांना पाठवलेल्या माझ्या परिपत्रकात हे सगळं होतं. फिरवण्याचं वाक्य चौथ्या कलमात, बारीक अक्षरात. बर्फाचं पहिल्या कलमात, ठळक, खाली रेघ मारून : "बर्फाविना आलेला नमुना स्वीकारला जाणार नाही." मराठवाड्यातला उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून मी ते मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. यंत्र बिघडल्यावर गफ्फारभाईंनी उरलेल्या निम्म्या परिपत्रकाचं दुप्पट निष्ठेनं पालन केलं.

म्हणजे मंगलच्या नळीत दहा तास पोटॅशियम पाझरत होतं आणि तरीही ते फक्त ४.१ वर पोचलं होतं. मग सुरुवात कुठून झाली असेल?

मी तिच्या डॉक्टरांना फोन केला. ते शहाणे आणि घाईतले गृहस्थ.

"अहो मॅडम, पाहिला मी रिपोर्ट. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या गोळ्या कळवल्यात. पोटॅशियम चार-एक आहे. नॉर्मल आहे."

"तो आकडा माझा आहे डॉक्टर, आणि माझा त्याच्यावर विश्वास नाही."

पॅथॉलॉजीवाले आपल्या आकड्याविरुद्ध साक्ष द्यायला स्वतःहून फोन करत नाहीत. मी बर्फाचं सांगितलं. बाहेर कुणाला तरी "दोन मिनिटं" म्हणाल्याचा आवाज आला आणि मग ते म्हणाले, "तिला ताबडतोब आणायला सांगा. आडवी. पायी अजिबात चालू देऊ नका. मी बेड तयार ठेवतो."

मी तिसऱ्यांदा लावल्यावर दत्तरावांनी फोन उचलला. आवाज प्रसन्न होता.

"बोला म्याडम. काल डॉक्टर फोनवर म्हणले, काळजीचं काय नाय. दोन-तीन गोळ्या वाढवल्यात."

"मंगलबाई कुठं आहेत?"

"बागंत. मीच धाडली चकरा मारायला. म्हटलं, रिपोर्ट चांगलाय तर नुसतं पडून ऱ्हायचं कशाला? चाललं की पायाचे गोळे मोकळे व्हतील."

"त्यांना हाक मारा. आत्ता. फोन चालू ठेवा."

"का वो?"

"आधी हाक मारा."

फोनमधून त्यांच्या चपला ऐकू आल्या. मग हाक : "मंगल! ए मंगल!" पक्ष्यांचा आवाज, लांबवर ट्रॅक्टर. परत हाक, या वेळी वरच्या पट्टीत. उत्तर नाही. चपलांचा आवाज वाढला, ते पळत होते. मी फोन कानाला लावून उभी होते आणि समोरचं यंत्र नेहमीसारखं टिकटिक करत कुणाकुणाची साखर मोजत होतं. नोकरीत पहिल्यांदाच नळीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस मला ऐकू येत होता. किंबहुना, येत नव्हता.

"हाय, हाय," दत्तराव धापा टाकत म्हणाले. "झाडाखाली बसलीय. हाक ऐकू आली म्हणती, पर आवाज निघंना. पाय उचलंना म्हणती."

"मला बोलू द्या."

मंगलचा आवाज कुजबुजल्यासारखा आला. "म्याडम, उगं दवाखान्यात नका घालू मला. रिपोर्ट चांगला आलाय माझा."

मी एवढंच म्हटलं, "रिपोर्ट मीच काढलाय. मी सांगते तसं करा."

मोसंबी वाहायच्या पिकअपमध्ये गादी टाकून तिला निजवलं. पाचोड ते शहर सव्वा तास, रस्ता चांगला असेल तर. पाऊण तासानं मी फोन केला, ते आडूळच्या पुढं आले होते. "बोलतायत का?" मी विचारलं. "मधून मधून," दत्तराव म्हणाले. मग बीड बायपासला गर्दी लागली. मी परत केला, कुणी उचलला नाही. दहा मिनिटांनी परत केला, तेव्हाही नाही. मी दोनदा हात धुतले. टेबलाचा खण आवरला. हृदयाला पोटॅशियम फार कमी पडलं तर ठोके बेताल होतात आणि कधी थांबतात, हे मी दरवर्षी प्रशिक्षणात नव्या मुलींना सांगायची. ते सांगताना मी फळ्यावर हृदयाचं सुंदर चित्र काढत असे.

शेवटी फोन डॉक्टरांचाच आला. पोचली होती. रक्त त्यांच्या माणसानं हातात धरून आणलं, ना बर्फ ना उशीर. मी स्वतः फिरवलं, स्वतः लावलं, आणि यंत्राला लागतात ती मिनिटं पडद्याकडे पाठ करून उभी राहिले.

२.२.

कळवलं. डॉक्टर म्हणाले, "ईसीजीनं सांगितलंच होतं. सलाइन सुरू केलंय." मॅग्नेशियमही सोबतच द्यावं लागतं, नाहीतर दिलेलं पोटॅशियम टिकत नाही. आणि घाई करून चालत नाही. कमी पोटॅशियमनं जे होतं तेच भरकन दिलेल्या पोटॅशियमनंही होतं. थेंब थेंब, मॉनिटर लावून. ते दोन दिवस मी प्रत्येक फोनला दचकत होते. तिसऱ्या दिवशी ती बसून पेज प्यायली.

इतकं खाली का गेलं, ते नंतर मंगलनंच सांगितलं. ऑपरेशननंतर भूक लागत नव्हती, तेव्हा तिला वाटलं, देवाचं राहिलेलं करून घ्यायला हीच वेळ. आधी साखरेमुळं एक चतुर्थी निभायची नाही. आता सोमवार धरले, चतुर्थ्या धरल्या आणि नवरात्राचे नऊ दिवस कडक केले. "पोटच एवढुसं केलंय म्हणल्यावर उपासाला काय लागतं, म्याडम? सगळ्या बायकांपेक्षा माझा सोपा झाला." वाटीभर साबुदाणा, तोही बाहेर यायचा. उपवासाला चालतात का नाही याची शंका आली म्हणून गोळ्या बंद. ऑपरेशनच्या आधी तिला सही करायला जे जाडजूड संमतिपत्र दिलं होतं, त्यात जगातल्या सगळ्या धोक्यांची नावं होती. नवरात्र नव्हतं.

आठवड्यानं दत्तराव घरी जायच्या आधी लॅबमध्ये आले. हातात दोन कागद. एक माझा बाजाराच्या दिवसाचा, एक घरी सोडण्याआधी त्याच सकाळी काढलेला.

"म्याडम, ह्याच्यावर बी चार-एक, त्याच्यावर बी चार-एक. मग मधी हे सगळं कशापायी झालं?"

मालकांनी मला आधीच सुचवलं होतं की "नमुना वाहतुकीतील तांत्रिक तफावत" असं काहीतरी म्हणावं. मी म्हटलं, "पहिला कागद चुकीचा आहे. रक्त ठेवण्यात चूक झाली. गफ्फारभाईंनी मी लिहिलं तेच केलं. चूक माझी."

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

"म्हंजे मी तिला बागंत धाडली ती तुमच्या कागदावर."

"व्हय," मी म्हटलं. मी सहसा व्हय म्हणत नाही.

त्यांनी कागदांची घडी घातली, खिशात ठेवली आणि गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर पंधरा दिवस मी पाचोडचं रजिस्टर घेऊन डॉक्टरांना फोन करत होते. चार महिन्यांत माझ्या चढत्या आकड्यांवर कुणाकुणाच्या गोळ्या बदलल्या गेल्या असतील, कुणाचं कमी पोटॅशियम नॉर्मल म्हणून झाकलं गेलं असेल. काही डॉक्टरांनी पेशंट परत बोलावले. काहींनी "ठीक आहे, ठीक आहे" म्हणून फोन ठेवला. एका म्हाताऱ्यांच्या घरी मी स्वतःच फोन लावला, तर मुलानं सांगितलं, "आप्पा दिवाळीआधीच गेले. झोपेत." त्यांचा आकडा ३.९ होता. त्यांचं काय झालं, हे मला कळलेलं नाही आणि कळणारही नाही. ते पान कितवं, ते मला पाठ आहे.

पाचोडला नवं यंत्र दिलं. परिपत्रक मी परत लिहिलं, या वेळी एकाच पानाचं, आणि गफ्फारभाईंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, त्या बाईला कुछ झालं असतं तर मी सुई सोडली असती." मी म्हटलं, "मी पण." त्यांनी नाही सोडली. मी पुढं तीन वर्षांनी निवृत्त झाले, वयोमानानुसार.

मंगल त्यानंतर पाचोडला रक्त द्यायला तयार झाली नाही. दर तीन महिन्यांनी ती शहरात थेट माझ्याकडे यायची आणि आजही लॅबमधल्या आमच्या मुलींकडे जाते, असं ऐकते. गोळ्या नियमित घेते, उपवास देवीला सांगून सोडले. मी तिला रिपोर्ट समजावून सांगायची : हे कॅल्शियम, हे मॅग्नेशियम, हे पोटॅशियम, बघा, सगळं काळ्या अक्षरात. ती मान डोलवत ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "ते सगळं ऱ्हाऊ द्या म्याडम, वजन किती भरलं तेवढं बघा."

आमच्या लॅबमध्ये वजनकाटा नव्हता.